‘बिलीफ’ आणि ‘बिलीव्ह’ : नव्याने इंग्रजी लिहू-बोलू लागलेल्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि नोकरीच्या निमित्ताने इंग्रजी लिहू लागलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांचे अर्ज मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. त्यांतले एक वाक्य इतक्या वेळा समोर आले आहे की ते मला पाठ झाले आहे : ‘आय हॅव फुल बिलीव्ह ऑन युवर कंपनी.’ सात शब्दांच्या या वाक्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही थेट मराठीतून आलेल्या आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात ‘आपल्या कंपनीवर माझा पूर्ण विश्वास आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य होते आणि त्याने प्रामाणिकपणे शब्दासमोर शब्द ठेवला. नाम हवे तेथे क्रियापद आले, ‘वर’ या प्रत्ययासाठी ‘ऑन’ आले, आणि जेथे इंग्रजी माणूस ‘फेथ’ किंवा ‘कॉन्फिडन्स’ म्हणेल तेथे ‘विश्वास’ या शब्दाचा शब्दकोशातला पहिला अर्थ बसला.

मराठीतला ‘विश्वास’ हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे. मित्राच्या बोलण्यावर, देवावर, बँकेवर, स्वतःवर आणि सरपंचावर आपण एकाच शब्दाने विश्वास ठेवतो. इंग्रजीत हे काम चार-पाच शब्दांत वाटलेले आहे, आणि एकट्या ‘बिलीव्ह’चा अर्थसुद्धा त्याच्या मागून कोणता शब्द येतो यावर बदलतो. म्हणून ‘बिलीफ म्हणजे विश्वास’ एवढे पाठ करून हा शब्द हाती लागत नाही. तो कोणाच्या संगतीत वावरतो हे पाहावे लागते. पुढील पायऱ्या त्या क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी : नाम आणि क्रियापद वेगळे ओळखणे

‘बिलीफ’ हे नाम आहे आणि त्याचे स्पेलिंग बी-ई-एल-आय-ई-एफ असे आहे. ‘बिलीव्ह’ हे क्रियापद असून त्यात शेवटच्या एफच्या जागी व्ही आणि ई येतात. इंग्रजीत अशा जोड्या आणखी आहेत : प्रूफ आणि प्रूव्ह, रिलीफ आणि रिलीव्ह, ग्रीफ आणि ग्रीव्ह. एफवर संपणारे नाम आणि व्हीचे क्रियापद ही खूण चौघांनाही लागू पडते, त्यामुळे या जोड्या एकत्र लक्षात ठेवाव्यात.

वाक्यात कोणते रूप हवे याची शंका आली, तर मनातल्या मराठी वाक्यात त्या जागी ‘समजूत’ हा शब्द घालून पाहावा. ‘माझी अशी समजूत आहे’ हे बसत असेल तर ‘बिलीफ’ हवे. ‘मी मानतो’ किंवा ‘मला वाटते’ हे बसत असेल तर ‘बिलीव्ह’ हवे. ‘इट इज माय बिलीफ’ आणि ‘आय बिलीव्ह’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण ‘इट इज माय बिलीव्ह’ हे कधीही बरोबर होत नाही.

अनेकवचनात एक खड्डा आहे. लीफचे लीव्ह्ज होते आणि थीफचे थीव्ह्ज होते, म्हणून बिलीफचे बिलीव्ह्ज होईल असा तर्क विद्यार्थी करतात. तर्क शहाणपणाचा आहे, पण इंग्रजीने तो पाळलेला नाही. अनेकवचन ‘बिलीफ्स’ असेच होते. ‘बिलीव्ह्ज’ हे तृतीयपुरुषी क्रियापद आहे, जसे ‘शी बिलीव्ह्ज’. धार्मिक समजुतींसाठी म्हणूनच ‘रिलिजस बिलीफ्स’ म्हणावे.

उच्चाराबद्दल थोडेसे. दोन्ही शब्दांत जोर ‘ली’वर आहे आणि ती ‘ली’ दीर्घ आहे. शेवटचा ध्वनी मराठी ‘फ’सारखा ओठांचा फुगा करून सोडू नये, वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा जाऊ द्यावी. पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘ली’ ऱ्हस्व केली तर ऐकणाऱ्याला समन्स घेऊन येणारा कोर्टातला बेलिफ आठवतो, आणि तो शब्द इंग्रजीत अगदी वेगळा आहे.

दुसरी पायरी : ‘बिलीव्ह’नंतर काय येते ते पाहणे

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि येथे घाई करू नये.

‘आय बिलीव्ह यू’ आणि ‘आय बिलीव्ह इन यू’ या दोन वाक्यांत एका ‘इन’चा फरक आहे, पण मराठीत त्यांची दोन वेगळी वाक्ये होतात. पहिल्याचा अर्थ ‘तू सांगतोस ते मला खरे वाटते’ एवढाच आहे. मुलगा उशिरा घरी येतो, लोकल बंद पडली होती असे सांगतो, आणि आई ‘आय बिलीव्ह यू’ म्हणते. येथे फक्त त्याच्या त्या एका सांगण्याचा प्रश्न आहे. दुसऱ्या वाक्यात सांगण्याचा संबंधच नाही. तोच मुलगा दुसऱ्यांदा परीक्षेला बसतो आणि आई ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणते, तेव्हा ‘तुला हे जमेल, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ असे ती सांगत असते. मुलगा उशिराचे कारण सांगत असताना आईने ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हटले तर ते वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही प्रसंगाशी विसंगत होईल.

‘बिलीव्ह’नंतर थेट माणूस किंवा त्याचे सांगणे आले, की खरे-खोटेपणाचा विचार चाललेला असतो : ‘आय बिलीव्ह हिम’, ‘आय बिलीव्ह हर स्टोरी’, ‘डोन्ट बिलीव्ह एव्हरी मेसेज यू रिसीव्ह’. ‘इन’ आले की अर्थाला तीन फाटे फुटतात. पहिला फाटा वर पाहिलेल्या क्षमतेचा. दुसरा अस्तित्वाचा : ‘डू यू बिलीव्ह इन गोस्ट्स?’ म्हणजे ‘तुम्ही भुतेखेते मानता का?’ येथे मराठीत ‘विश्वास’पेक्षा ‘मानणे’ हे क्रियापद किती सहज येते ते पाहावे. तिसरा फाटा पटण्याचा, आणि नवोदित तो बहुधा वापरतच नाहीत. ‘माय फादर डझन्ट बिलीव्ह इन टेकिंग लोन्स’ या वाक्यात कर्जाच्या अस्तित्वावर कोणाला शंका नाही. वडिलांना कर्ज काढणे पटत नाही, एवढेच ते सांगते. ‘शी बिलीव्ह्ज इन गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठावे असे तिचे मत आहे. ‘मला पटते’ आणि ‘मला पटत नाही’ ही आपली रोजची वाक्ये इंग्रजीत न्यायची असतील, तर विचार किंवा प्रथा पटण्या-न पटण्यासाठी हा ‘बिलीव्ह इन’ फार उपयोगी आहे. लक्षात ठेवायचे ते एवढेच की ‘इन’नंतर क्रियापद आले तर त्याला आयएनजी लागते.

‘बिलीव्ह’नंतर पूर्ण वाक्य येणार असेल तर ‘दॅट’ येते : ‘आय बिलीव्ह दॅट शी इज ऑनेस्ट.’ बोलताना हे ‘दॅट’ गाळले तरी चालते, जसे आपण ‘मला वाटते, ती प्रामाणिक आहे’ म्हणताना ‘की’ गाळतो. ‘इन’ आणि ‘दॅट’ मात्र एकमेकांना चिकटून येत नाहीत. ‘आय बिलीव्ह इन दॅट शी इज ऑनेस्ट’ हे वाक्य चुकीचे आहे.

नामालाही हेच दोन शेजारी चालतात : ‘बिलीफ इन गॉड’ आणि ‘द बिलीफ दॅट द अर्थ इज फ्लॅट’. या शब्दांच्या घरात ‘ऑन’ला प्रवेश नाही, हे एकदा ठरवून टाकावे. ‘फेथ’, ‘ट्रस्ट’ आणि ‘कॉन्फिडन्स’ ही नामेसुद्धा ‘इन’च घेतात, त्यामुळे मराठीतला ‘वर’ प्रत्येक वेळी ‘इन’ झाला की एक मोठी चूक कायमची जाते.

तिसरी पायरी : ‘आय बिलीव्ह’ केव्हा सौम्य असते ते ओळखणे

माझ्या एका विद्यार्थ्याला परगावच्या ग्राहकाने दूरध्वनीवर विचारले, की आमचा माल निघाला का? माल निघालेला आहे हे त्याला पक्के माहीत होते आणि ठामपणे सांगावे म्हणून तो ‘आय बिलीव्ह सो’ म्हणाला. ग्राहकाने लगेच त्याच्या वरिष्ठांना फोन केला, की तुमच्या माणसाला काहीच नक्की ठाऊक नाही. विद्यार्थी गोंधळला, कारण ‘माझा तसा विश्वास आहे’ हे मराठीत वजनदार विधान आहे. इंग्रजीत ‘आय बिलीव्ह सो’ याचा अर्थ ‘तसे असावे’, ‘बहुधा हो’ असा होतो. त्याने ‘येस, इट हॅज’ एवढेच म्हणायला हवे होते.

‘आय बिलीव्ह द मीटिंग इज ॲट फोर’ हे वाक्य ‘माझा विश्वास आहे की बैठक चार वाजता आहे’ असे भाषांतरित करणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि असे मराठी आता छापूनही येऊ लागले आहे याचे मला खरोखर वाईट वाटते. आपल्या भाषेत यासाठी नेमके रूप आहे : ‘बैठक चार वाजता असावी.’ ‘असावा, असावी, असावेत’ या एका क्रियारूपात ‘आय बिलीव्ह’चा सगळा सौम्यपणा मावतो, फार तर ‘माझ्या माहितीप्रमाणे’ जोडावे. हीच खूण उलट्या दिशेने वापरता येते. मनातल्या मराठी वाक्यात ‘असावा’ असेल तर इंग्रजीत ‘आय बिलीव्ह’ किंवा ‘आय थिंक’ घालावे, आणि ‘आहे’ असेल तर यांपैकी काहीही घालू नये. या दोहोंत ‘आय बिलीव्ह’ किंचित अधिक औपचारिक आहे आणि अनोळखी माणसाशी बोलताना ते सभ्य वाटते : ‘आय बिलीव्ह वुई हॅव मेट बिफोर’ म्हणजे ‘आपली पूर्वी भेट झाली असावी.’

बातम्यांच्या इंग्रजीतही हाच अर्थ कर्मणी रूपाने येतो. ‘थ्री वर्कर्स आर बिलीव्ह्ड टु बी ट्रॅप्ड’ याचा अर्थ ‘तीन कामगार अडकले असावेत’ किंवा ‘अडकले असल्याचे समजते’ असा होतो. बातमीदाराला खात्री नाही आणि तो ते प्रामाणिकपणे सांगत आहे. ‘तीन कामगार अडकल्याचा विश्वास आहे’ असे भाषांतर कोणत्याही मराठी कानाला सहन होऊ नये.

नकाराचे काम आपल्याला सोपे आहे, कारण दोन्ही भाषा येथे एकाच वाटेने जातात. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ यात नकार ‘वाटण्या’ला जोडलेला आहे, आणि इंग्रजीतही ‘आय डोन्ट बिलीव्ह ही विल कम’ असेच म्हणतात. ‘आय बिलीव्ह ही विल नॉट कम’ हे चूक नाही, पण ते अधिक ठाम ऐकू येते.

आणखी एक गोष्ट : ‘आय ॲम बिलीव्हिंग’ म्हणू नये. मानणे, वाटणे, माहीत असणे ही मनाची स्थिती दाखवणारी क्रियापदे इंग्रजीत सहसा चालू काळात येत नाहीत. खूप दिवसांपासूनची समजूत सांगायची असेल तर ‘आय हॅव ऑलवेज बिलीव्ह्ड’ म्हणावे.

चौथी पायरी : ‘विश्वास’ शब्दाचे वाटप शिकणे

मराठीत विश्वास बसतो, ठेवला जातो, टाकला जातो, उडतो आणि माणसाला विश्वासात घेतलेही जाते. या प्रत्येक प्रयोगाला इंग्रजीत वेगळे दार आहे, आणि बहुतेक दारांवर ‘बिलीफ’ची पाटी नाही.

‘विश्वास ठेवा’ याचे ‘कीप बिलीफ ऑन मी’ असे रूपांतर सर्रास ऐकू येते. तेथे ‘ट्रस्ट मी’ एवढे दोन शब्द पुरतात. सांगितलेली एखादी गोष्ट खरी आहे असे पटवायचे असेल तर ‘बिलीव्ह मी’ म्हणावे. ‘माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला’ यासाठी ‘आय हॅव लॉस्ट फेथ इन हिम’ किंवा ‘लॉस्ट ट्रस्ट इन हिम’ योग्य. ‘कर्मचाऱ्यांना विश्वासात घेणे’ म्हणजे ‘टु टेक द स्टाफ इन्टू कॉन्फिडन्स’. ‘विश्वासघात’ म्हणजे ‘ब्रीच ऑफ ट्रस्ट’. ‘न्यायव्यवस्थेवर माझा पूर्ण विश्वास आहे’ हे नेत्यांच्या तोंडचे नेहमीचे वाक्य इंग्रजीत ‘आय हॅव फुल फेथ इन द ज्युडिशिअरी’ असे येते. त्याच धर्तीवर अर्जातल्या त्या पहिल्या वाक्याला ‘आय हॅव फुल कॉन्फिडन्स इन युवर कंपनी’ असे सुधारता येईल.

अविश्वासाचेही असेच आहे. ग्रामपंचायतीत सरपंचाविरुद्ध जो अविश्वास ठराव येतो, त्याला इंग्रजीत ‘नो-कॉन्फिडन्स मोशन’ म्हणतात. लोकसभेत असा पहिला ठराव १९६३ साली आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध मांडला होता. त्याला कोणी ‘डिसबिलीफ मोशन’ म्हणत नाही, कारण ‘डिसबिलीफ’ म्हणजे ऐकलेले खरे न वाटणे. ‘शी शुक हर हेड इन डिसबिलीफ’ या वाक्यातली बाई कोणाविरुद्ध ठराव मांडत नाही. ‘असे कसे झाले!’ म्हणून ती मान हलवते. ‘अनबिलीफ’ हा तिसरा शब्द धर्मश्रद्धेच्या अभावासाठी राखलेला आहे आणि रोजच्या बोलण्यात त्याची गरज पडत नाही.

‘बिलीफ’ आणि ‘फेथ’ यांतला फरक शिकवताना मी कोणताही शब्दकोश उघडत नाही. शालेय पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका उघडतो. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या या मजकुरात ‘थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ अशा पाच गोष्टींच्या स्वातंत्र्याची हमी आहे, आणि मराठीत तेथे ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना’ असे शब्द आहेत. ‘बिलीफ’समोर ‘विश्वास’ आणि ‘फेथ’समोर ‘श्रद्धा’ : दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवले आहेत, म्हणजे ते एक नाहीत. काय खरे आहे याबद्दल मनाने धरलेले मत म्हणजे ‘बिलीफ’, आणि त्या मतापलीकडे जाऊन स्वतःला सोपवून देणे म्हणजे ‘फेथ’. म्हणून ‘बिलीफ’ चुकीचीही असू शकते आणि ‘अ मिस्टेकन बिलीफ’ हा अगदी नेहमीचा शब्दप्रयोग आहे.

दोन्ही शब्दांची घराणीही वेगळी आहेत. ‘बिलीफ’ हा जुन्या इंग्रजीतला मूळचा शब्द आहे आणि जर्मन भाषेतले ‘ग्लाउबेन’ त्याच्या नात्यातले आहे. ‘फेथ’ लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला, आणि ‘ट्रस्ट’ची मुळे जुन्या नॉर्स भाषेकडे जातात. आपल्याकडेही अशी वाटणी आढळते. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत धर्मश्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात, तर मराठीत त्याच शब्दाने कवितेचे सार दाखवले जाते. ‘भोळा भाव’ म्हणताना मात्र मराठीही त्या जुन्या अर्थाजवळ जाते.

‘बिलीफ’ला कोणती क्रियापदे आणि विशेषणे चालतात तेही येथेच टिपून ठेवावे. समजूत बाळगणे म्हणजे ‘टु होल्ड अ बिलीफ’. येथे ‘कीप’ चालत नाही. दृढ समजूत ‘फर्म’ किंवा ‘स्ट्राँग’ असते, सर्वत्र पसरलेली ‘वाइडस्प्रेड’, आणि लोकांत रुळलेली ‘पॉप्युलर’. ‘कॉन्ट्ररी टु पॉप्युलर बिलीफ’ म्हणजे ‘सर्वसाधारण समजुतीच्या उलट’, आणि त्यानंतर खरी गोष्ट सांगितली जाते.

पाचवी पायरी : ठरलेली वाक्ये आणि सही करण्याचे कागद

काही वाक्ये सुटी करून अर्थ लावण्यात वेळ घालवू नये. ती जशीच्या तशी उचलावीत. ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ म्हणजे ‘खरे वाटणार नाही, पण’. ‘आय कुडन्ट बिलीव्ह माय आइज’ म्हणजे ‘माझा डोळ्यांवर विश्वास बसेना’, आणि येथे दोन्ही भाषा एकमेकींना तंतोतंत भेटतात. ‘बियाँड बिलीफ’ म्हणजे ‘विश्वास बसू नये इतके’. ‘मेक-बिलीव्ह’ या शब्दाने मात्र पुष्कळांची फसगत होते. कोणाला काही पटवून देण्याशी त्याचा संबंध नाही. ते लुटुपुटुचे असते. पानांच्या पोळ्या आणि वाळूचा भात करून मुले भातुकली मांडतात, ते सगळे ‘मेक-बिलीव्ह’.

आता तो कागद, जो प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी येतो. अर्ज किंवा प्रतिज्ञापत्राच्या शेवटी ‘ट्रू टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ’ अशी ओळ असते, आणि मराठी नमुन्यात ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे’ असे लिहिलेले असते. येथे ‘बिलीफ’साठी ‘समजूत’ हा शब्द योजणाऱ्याने फार अचूक काम केले आहे. ‘नॉलेज’ म्हणजे जे मला स्वतःला ठाऊक आहे ते. ‘बिलीफ’ म्हणजे जे मी ऐकून, वाचून किंवा अंदाजाने खरे समजतो ते. हा भेद शोभेचा नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १९, नियम ३ नुसार प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील अशाच गोष्टी लिहाव्या लागतात. दाव्याच्या दरम्यान केलेल्या अंतरिम अर्जांत ‘बिलीफ’ची विधाने चालू शकतात, पण त्यांचा आधार काय ते सांगावे लागते. सही करण्यापूर्वी प्रत्येक विधानासमोर थांबून ‘हे मला माहीत आहे, की मी तसे समजतो?’ असे स्वतःला विचारावे.

सहावी पायरी : सराव

मराठी वर्तमानपत्राचे एक पान घेऊन त्यात ‘विश्वास’, ‘समजूत’, ‘श्रद्धा’, ‘वाटते’, ‘असावा’ हे शब्द जेथे येतील तेथे खूण करावी आणि प्रत्येक वाक्य इंग्रजीत लिहून पाहावे. आठवडाभर रोज पाच वाक्ये केली तर ‘इन’ आणि ‘ऑन’चा घोटाळा बहुतेक मिटतो, असा माझा अनुभव आहे. सुरुवातीसाठी ही चार वाक्ये घ्यावीत, आणि पुढील परिच्छेद वाचण्यापूर्वी स्वतः लिहावीत : ‘तिचे म्हणणे मला खरे वाटले.’ ‘हुंडा घेणे आम्हाला पटत नाही.’ ‘दुकान आज बंद असावे.’ ‘दुधी भोपळा रात्री खाऊ नये अशी आजीची समजूत होती.’

पहिल्याचे ‘आय बिलीव्ह्ड हर’ होते, ‘इन’शिवाय. दुसऱ्याचे ‘वुई डोन्ट बिलीव्ह इन टेकिंग डाउरी’. तिसऱ्याचे ‘आय बिलीव्ह द शॉप इज क्लोज्ड टुडे’. चौथ्याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत : ‘माय ग्रँडमदर बिलीव्ह्ड दॅट वन शुड नॉट ईट बॉटल गोर्ड ॲट नाइट’, किंवा ‘इट वॉज माय ग्रँडमदर्स बिलीफ दॅट’ अशी सुरुवात करून पुढे तेच. घरात बोलताना पहिले वापरावे. आजीबद्दल लेख लिहीत असाल तर दुसरे अधिक शोभेल.